घराचं कर्ज दुसऱ्या बँकेत न्यायचं आहे : वरखर्च किती लागतो, कुठे वाचवता येतो?

दारव्हा_रोड
नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तर आहे. गावाला लागून असलेल्या एनए लेआउटमध्ये प्लॉट घेऊन घर बांधलं. २०२० मध्ये एका हाऊसिंग फायनान्स कंपनीचं कर्ज काढलं, कारण तेव्हा तेच लोक घरी येऊन फाईल करून देत होते. आज १८ लाख बाकी आहेत, १४ वर्षं उरली आहेत, व्याज ९.६० टक्के आणि हप्ता साडेएकोणीस हजार. टीव्हीवर रोज रेपो (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दरानं पैसे देते तो दर) कमी झाल्याच्या बातम्या, आपला दर मात्र जागचा हलत नाही.

तालुक्याच्या एका बँकेतले साहेब ८ टक्क्यांनी टेकओव्हर करून द्यायला तयार आहेत. म्हणाले, "सर, खर्च काहीच नाही, प्रोसेसिंगही निम्मीच लावतो." मी म्हटलं कागदावर लिहून द्या. त्यांनी लिहून दिलं ते असं : प्रोसेसिंग ६,३०० आणि त्यावर जीएसटी १,१३४. वकिलाचे ३,५००. व्हॅल्युएशनचे २,५००. स्टॅम्प ड्युटी ५,४००. नोटीस ऑफ इंटिमेशनचे "दोनेक हजार". सरसाई ११८. स्टॅम्प पेपर, नोटरी धरून हजार. आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरात कर्ज सुरक्षा विमा ३८,०००, तो कर्जातच जोडून.

म्हणजे "काहीच नाही" याचा अर्थ साठ हजार! वर साहेबांचा सल्ला असा की मुदत पुन्हा २० वर्षं करून घ्या, हप्ता पंधरा हजारांवर येईल, साडेचार हजार मोकळे होतील. बायको म्हणते घ्या. मला काही सुचेना. यातलं काय द्यावंच लागतं आणि काय टाळता येतं?

पोट्टा_वाशिमचा
सर, माही हीच गत आहे. वाचून राहिलो. कोणीतरी जाणकारानं लिहा बापा.

माजी_कॅशियर_अमरावती
सर, कागदावर लिहून घेतलं हे उत्तम केलं. आता त्या यादीत तीन जणांचा पैसा मिसळलेला आहे, तो वेगळा करून पाहा.

सरकारचा पैसा कोणाला सुटत नाही. मालकीचे मूळ कागद बँकेत ठेवून कर्ज घेतलं की त्या कराराला मुद्रांक शुल्क लागतं. पाच लाखांच्या वरच्या कर्जाला ०.३ टक्के, म्हणून १८ लाखांवर ५,४००. हिशेब बरोबर आहे. सरसाई म्हणजे तारण नोंदीचं केंद्रीय रजिस्टर. एकाच घरावर दोन बँकांची कर्जं निघू नयेत म्हणून ते आहे. पाच लाखांवरच्या कर्जाला १०० रुपये आणि जीएसटी, तेही बरोबर. काही ठिकाणी "सरसाई चार्जेस" म्हणून हजार-बाराशे लावतात, तिथे पावती मागा.

नोटीस ऑफ इंटिमेशन मात्र नीट समजून घ्या. गहाण ठेवल्यापासून ३० दिवसांच्या आत दुय्यम निबंधकाकडे तशी सूचना दाखल करावी लागते आणि ही जबाबदारी कर्जदाराची आहे, बँकेची नाही. फायलिंग फी १,००० रुपये, वर कागद हाताळणीचे थोडे. बाकीचे पैसे निबंधक कार्यालयासमोर टेबल टाकून बसलेल्याचे. पुष्कळ बँका हे ऑनलाइन करून देतात. तुमच्या शाखेत ती सोय आहे का ते विचारा, मग टेबलवाल्याची गरज नाही.

बँकेचा स्वतःचा पैसा म्हणजे प्रोसेसिंग. घासाघीस इथेच होते. सणासुदीला आणि मार्च जवळ आला की बहुतेक बँका टेकओव्हरला प्रोसेसिंग माफ करतात, कारण चालू फेडीचं तयार गिऱ्हाईक त्यांना फुकटात मिळतं. तुमचा पगार दर महिन्याला बँकेतच जमा होतो. पगाराचं खातं त्यांच्याकडे आणतो म्हणा, निम्मीचीही निम्मी होईल.

तिसरा पैसा वकील आणि व्हॅल्युएटरचा. तो माफ होत नाही, पण कमी होतो. त्यावर नंतर लिहितो, जेवायला बोलावणं आलंय.

संत्रापट्टा_वरुड
कॅशियर काका जेवून येईस्तोवर मी मुदतीचं बोलतो. सर, विमा सोडला तर उरतात ते बावीस हजार, तुम्ही त्या खर्चाची चिंता करून राहिले आणि खरा खड्डा तिकडे आहे.

आज आहे तसंच ठेवलं, ९.६० टक्के आणि १४ वर्षं, तर तुम्ही इथून पुढे एकूण ३२ लाख ७९ हजार भरणार.
८ टक्के आणि तीच १४ वर्षं : हप्ता १७,८४४, एकूण २९ लाख ९८ हजार.
८ टक्के आणि साहेबांची २० वर्षं : हप्ता १५,०५६, एकूण ३६ लाख १३ हजार.

पुन्हा वाचा. दर दीड टक्क्याहून जास्त खाली आला आणि तुम्ही आजच्यापेक्षा सव्वातीन लाख जास्त भरून बसले. वहिनींना हे आकडे दाखवा.

आता चौथा हिशेब. दर ८ टक्के करून घ्या आणि हप्ता आजचाच साडेएकोणीस हजार ठेवा. तो तर तुम्ही आताही भरतच आहात, खिशाला नवीन काही नाही. कर्ज १६८ ऐवजी १४४ महिन्यांत संपतं. दोन वर्षांचे हप्ते वाचले. टेकओव्हरच्या अर्जात मुदतीचा रकाना असतो, तिथे १४४ महिने लिहा. साहेब म्हणतील, "जास्तच ठेवा सर, नंतर भरता येते." नंतर कोणी भरत नाही.

दारव्हा_रोड
आकडे तुमच्या वहिनींना दाखवले. त्या म्हणाल्या, "मग साहेबानं आपल्याले हे काहून नाही सांगितलं?" यावर मी काय बोलणार.

३८ हजारांचा विमा सक्तीचा आहे का तेवढं सांगा.

वैनगंगाकाठ
सक्तीचा नाही. कर्ज देताना त्यांचाच विमा घ्या अशी अट बँकेला घालता येत नाही. पण "विमा नसेल तर फाईल वर जात नाही" असं तोंडी सांगतात, लेखी कधीच देत नाहीत. एकच वाक्य म्हणा : "हे मला लिहून द्या." आमच्याकडे भंडाऱ्याला हा उपाय लागू पडतो.

मी विम्याच्या विरोधात नाही. घरात कमावता माणूस एक आणि डोक्यावर १८ लाख, तर विमा हवाच. पण साधा टर्म प्लॅन वेगळा घ्या, त्याचा हप्ता वर्षाला भरा. कर्जात जोडलेल्या एकरकमी प्रीमियमवर १४ वर्षं व्याजही जातं, आणि कर्जाची रक्कम वाढली की प्रोसेसिंग, मुद्रांक शुल्क सगळं त्या वाढीव रकमेवर मोजतात.

आणखी एक. जुन्या कंपनीनं २०२० मध्ये असाच विमा जोडला होता का ते बघा. जोडला असेल तर कर्ज बंद करताना उरलेल्या मुदतीचं सरेंडर मूल्य मागता येतं. आपण मागितल्याशिवाय कोणी देत नाही.

दारव्हा_रोड
जोडला होता! पॉलिसी कपाटात आहे, आज काढतो.

वैनगंगाकाठ
पण सर, मी तुमच्या जागी असतो तर टेकओव्हरच्या आधी एक काम केलं असतं. सध्याच्या कंपनीला लेखी अर्ज द्या की माझा दर नवीन गिऱ्हाइकाच्या दरावर आणा. याला कन्व्हर्जन किंवा स्विच म्हणतात. त्याची फी लागते, कुठे ठरावीक हजार-दोन हजार, कुठे बाकी असलेल्या कर्जाच्या अर्धा टक्का. अर्धा टक्का धरला तरी ९,००० आणि जीएसटी, म्हणजे १०,६२०. ना वकील, ना व्हॅल्युएटर, ना मुद्रांक, ना कागद इकडून तिकडे. सहीनिशी काम.

समजा त्यांनी ८.६० दिला. हप्ता १८,४६२ वर येतो, महिन्याला हजार रुपये वाचले, फी दहा महिन्यांत वसूल.

संत्रापट्टा_वरुड
अर्ज द्या, पण तिथेच थांबू नका. ८ आणि ८.६० मध्ये महिन्याला ६१९ रुपयांचा फरक आहे. टेकओव्हरचा विम्याशिवायचा खर्च बावीस हजार. कन्व्हर्जनपेक्षा अकरा-साडेअकरा हजार जास्त लागले, ते दीड वर्षात निघतात. पुढची साडेबारा वर्षं फायदाच.

वैनगंगाकाठ
कागदावर बरोबर आहे. पण गावातल्या माणसाचं कागद जमवताना जे होतं ते तुमच्या हिशेबात नाही. मास्तरांना रजा टाकाव्या लागतील, दोघा नवराबायकोला सहीला जावं लागेल, वकिलाला एखादा फेरफार सापडणार नाही. ६१९ रुपयांसाठी एवढं?

संत्रापट्टा_वरुड
भाऊ, माझा मुद्दा ६१९ चा नाहीच. दर पुढे कोण ठरवणार हा आहे. १ ऑक्टोबर २०१९ नंतर बँकांनी दिलेलं फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराचं गृहकर्ज बाहेरच्या दराशी जोडलेलं असतं, बहुतेक ठिकाणी रेपोशी, आणि निदान तीन महिन्यांतून एकदा ते बदलावंच लागतं. हाऊसिंग फायनान्स कंपन्यांना हे बंधन नाही. त्यांचा मूळ दर त्यांच्या मर्जीचा. २०२५ मध्ये रेपो फेब्रुवारीत ६.५० वरून ६.२५, एप्रिलमध्ये ६, जूनमध्ये ५.५० आणि डिसेंबरमध्ये ५.२५ झाला. सव्वा टक्का उतरला. सरांचा दर किती उतरला? त्यांनीच वर लिहिलंय, जागचा हलला नाही. आज फी भरून ८.६० करून घ्याल आणि दोन वर्षांनी पुन्हा अर्ज घेऊन त्याच टेबलासमोर उभे राहाल.

वैनगंगाकाठ
आणि मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रेपो ४ वरून ६.५० झाला होता ते विसरलात? रेपोशी जोडलं की वर जातानाही तितकंच झपाट्यानं जातं.

संत्रापट्टा_वरुड
विसरलो नाही. तेव्हा फायनान्स कंपन्यांनी वाढवला नव्हता का? वाढवताना सगळे सारखेच चपळ.

पोट्टा_वाशिमचा
हे बरोबर बोलले भाऊ.

माजी_कॅशियर_अमरावती
जेवण झालं, झोपही झाली. दोघांचं भांडण वाचून मजा आली. मी वरुडच्या भाऊंच्या बाजूनं, पण वैनगंगावाल्यांचा अर्ज आधी द्यायचाच. कंपनीचं लेखी उत्तर हातात असलं की बँकेत बोलताना आवाज बदलतो. उलटही खरं : बँकेचं मंजुरीपत्र दाखवलं की कंपनी अचानक उदार होते.

ज्यांचं कर्ज आधीपासून बँकेतच आहे त्यांच्यासाठी. ऑक्टोबर २०२५ पासून बँकांना रेपोवर लावलेला स्प्रेड, म्हणजे वरची जादा टक्केवारी, जुन्या गिऱ्हाइकासाठी तीन वर्षं न थांबताही कमी करता येतो. "नियमात बसत नाही" हे उत्तर आता चालत नाही. करायचं की नाही हे मात्र बँकेच्या हातात.

वकील-व्हॅल्युएटरचं राहिलं होतं. वकिलाची फी सर्च रिपोर्टची, म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदी तपासण्याची असते. बँक सहसा ३० वर्षांची साखळी मागते : सातबारा, फेरफार, एनए आदेश, मंजूर नकाशा, खरेदीखत, इंडेक्स दोन. जुन्या कंपनीच्या वेळचा सर्च रिपोर्ट तुमच्याकडे असेल तर त्याची प्रत घेऊन जा. वकील २०२० पासून पुढचंच पाहायला तयार झाला तर फी कमी घेतो. त्यासाठी कंपनीकडून लिस्ट ऑफ डॉक्युमेंट्स (त्यांच्याकडे ठेवलेल्या कागदांची यादी) आणि कागदांच्या झेरॉक्स आधीच मागवा. व्हॅल्युएटर जिल्ह्याहून येतो, गाडीभाडं लावतो. गावात आणखी कोणाची फाईल त्याच बँकेत असेल तर दोघांनी एकाच दिवशी बोलवा.

दारव्हा_रोड
आमच्याच लेआउटमधल्या एका शिक्षकाची आहे. हे डोक्यातच आलं नव्हतं.

पोट्टा_वाशिमचा
आता माहं सांगतो. घर गावठाणातलं आहे, आजोबाच्या वेळचं, पाडून नवीन बांधलं. कागद म्हणजे ग्रामपंचायतीचा नमुना ८ आणि बांधकामाचा ठराव. एका फायनान्स कंपनीनं सात लाख देले, व्याज साडेबारा टक्के. बँकेत गेलो तर म्हणते नमुना ८ चालत नाही. आता काय करू?

काळाकोट_वणी
बँक चूक नाही. नमुना ८ हा घरपट्टीच्या आकारणीचा उतारा आहे. घराचा कर कोण भरतो हे त्यावरून कळतं, मालकी सिद्ध होत नाही. फायनान्स कंपन्या ती जोखीम घेतात आणि व्याजात वसूल करतात, म्हणून साडेबारा.

तुमच्या गावात स्वामित्व योजनेची ड्रोन मोजणी झाली का? ती झाली असेल तर गावठाणातल्या घराची मिळकत पत्रिका आणि सनद निघते. आपल्याकडे जुने लोक आखिव पत्रिका म्हणतात तीच. भूमी अभिलेख कार्यालयात चौकशी करा. पत्रिकेवर तुमचं नाव लागलं की बँकेचं दार उघडतं. मात्र आजोबांच्या नावानं असेल तर आधी वारस नोंद. काका-आत्यांचे हक्क असतील तर हक्कसोडपत्र नोंदवावं लागेल. हा खर्च टेकओव्हरच्या यादीत कुठेच दिसत नाही आणि गावठाणातल्या घराला मोठा खर्च हाच असतो.

तोवर कंपनीकडे कन्व्हर्जनचा अर्ज द्या. तुमच्याजवळ सध्या तेवढाच पत्ता आहे.

पोट्टा_वाशिमचा
मोजणी झाली म्हणतात गावात. पत्रिकेवर कोणाचं नाव आहे तेच पाहिलं नाही. उद्याच जातो. आत्या दोन आहेत, दोघीही रागावलेल्या 😀

काळाकोट_वणी
आधी आत्यांकडे जा, मग भूमी अभिलेखला.

आर्वी, अचलपूर, नागपूरकडच्या नझूलच्या (सरकारी जागेच्या) प्लॉटवाल्यांसाठीही सांगून ठेवतो. भाडेपट्ट्याची जागा असेल तर पट्ट्याची मुदत आणि गहाण ठेवायची परवानगी बँक आधी पाहते. प्रोसेसिंग फी भरण्याच्या अगोदर हे वकिलाला दाखवा. फाईल नामंजूर झाली तर ती फी सहसा परत मिळत नाही. भोगवटदार वर्ग दोनच्या जमिनीचंही तेच.

वर्धा_ते_ओहायो
धागा वाचून गंमत वाटली. मागच्याच वर्षी इथे अमेरिकेत घराचं रिफायनान्स केलं. इथे या सगळ्याला क्लोजिंग कॉस्ट म्हणतात आणि ती कर्जाच्या साधारण २ ते ६ टक्के धरतात. तुमचे बावीस हजार म्हणजे सव्वा टक्का, तेव्हा रडू नका! इथला मोठा खर्च टायटल इन्शुरन्स, म्हणजे मालकीत खोट निघाली तर त्याचा विमा. जमिनीच्या नोंदी कितीही चांगल्या असल्या तरी नव्या बँकेला नवी पॉलिसी लागतेच. त्यात जुन्याच कंपनीकडे री-इश्यू दर मागितला तर सूट मिळते.

एक गोष्ट मात्र चांगली आहे. अर्ज केल्यापासून तीन कामकाजी दिवसांत लोन एस्टिमेट नावाचा तीन पानी कागद द्यावाच लागतो. सगळ्या बँकांचा नमुना एकच, त्यामुळे दोन कागद शेजारी ठेवले की कोण कुठे जास्त लावतो ते दिसतं. कोणती सेवा तुम्ही स्वतः बाहेरून निवडू शकता तेही त्यात वेगळं लिहिलेलं असतं. सही करण्याच्या तीन दिवस आधी अंतिम आकड्यांचा कागद पुन्हा मिळतो. आणि "नो क्लोजिंग कॉस्ट" अशी जाहिरात असते तिथे एक तर दर चढा असतो किंवा खर्च मुद्दलात घातलेला असतो. तुमच्या साहेबांचं "काहीच नाही" ओळखीचं वाटलं.

माजी_कॅशियर_अमरावती
तसा कागद आपल्याकडेही आला आहे भाऊ, लोकांना माहीत नाही एवढंच. १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जाला की फॅक्ट स्टेटमेंट देणं बंधनकारक आहे. टेकओव्हर म्हणजे नव्या बँकेचं नवं कर्जच. त्यात सगळा खर्च धरून आलेला वार्षिक दर असतो. वकील, विमा असे तिसऱ्याच्या नावानं घेतलेले पैसेही त्या दरात धरावे लागतात आणि त्यांच्या पावत्या द्याव्या लागतात. त्या कागदात नसलेली फी तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय नंतर लावता येत नाही. तो निदान तीन कामकाजी दिवस वैध राहतो, म्हणजे घरी नेऊन विचार करायला तेवढा वेळ तुमचा हक्काचा आहे. आणि तो कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असायला हवा. मराठीत मागा. साहेब इकडे तिकडे पाहतील, पण देतील.

दारव्हा सर, दोन बँकांकडून हा कागद घ्या. एकाच बँकेच्या यादीवरून काही कळत नाही.

कापूसकोंडी
एक विचारू का? माझ्या नवऱ्याची एलआयसी पुढच्या महिन्यात पिकते आहे, अडीच लाख येतील. ते आधी कर्जात भरावेत की टेकओव्हर झाल्यावर?

संत्रापट्टा_वरुड
ताई, आधी. कर्ज फ्लोटिंग दराचं आणि व्यक्तीच्या नावावर असेल तर मुदतीआधी भरायला दंड नाही. बँकांना २०१२ पासूनच तो घेता येत नाही, हाऊसिंग फायनान्स कंपन्यांनाही नाही. बाकी अडीच लाखांनी कमी झाली की नव्या बँकेचं प्रोसेसिंग आणि ०.३ टक्के मुद्रांक कमी रकमेवर लागतं. मात्र "पहिली तीन वर्षं फिक्स" असलं काही तुमच्या करारात आहे का ते पाहा. फिक्सच्या काळात दंड लागू शकतो, अशा वेळी तो काळ संपू द्या. पतसंस्थेचं कर्ज असेल तर हे रिझर्व्ह बँकेचे नियम तिथे चालत नाहीत, करारात लिहिलं असेल ते खरं.

कापूसकोंडी
बँकेचंच आहे, फ्लोटिंग. धन्यवाद दादा.

दारव्हा_रोड
मंडळी, ताजी खबर. कंपनीला अर्ज दिला. आधी म्हणाले असं काही नसतं. बँकेचं मंजुरीपत्र दाखवल्यावर फोन आला, ८.६० देतो, फी अर्धा टक्का. वैनगंगा भाऊंनी जणू आधीच पाहिलं होतं! बँकेनं विमा काढून टाकला आणि प्रोसेसिंग आणखी उतरवून ३,००० अधिक जीएसटी केलं. मुदत १४४ महिने लिहिली. खर्च अठराएक हजारांवर आला. बँकेत जायचं ठरलंय.

आता एकच भीती. कंपनीचे लोक म्हणतात मूळ कागद मुंबईहून यायला दोन-तीन महिने लागतात.

वैनगंगाकाठ
अभिनंदन सर, हरलो 😀

कागदांचं : पूर्ण फेड झाल्यापासून ३० दिवसांत मूळ कागद परत देणं आणि नोंदवलेला बोजा काढणं त्यांना बंधनकारक आहे. १ डिसेंबर २०२३ पासूनचा नियम आहे. उशीर त्यांच्याकडून झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. हे तोंडी न सांगता फोरक्लोजरच्या (मुदतीआधी कर्ज बंद करण्याच्या) अर्जातच लिहा. आणि कागद कुठल्या शाखेतून घ्यायचे ते निवडायचा हक्क तुमचा आहे. ज्या शाखेत कर्ज चालवलं तिचंच नाव टाका, नाहीतर नागपूरला बोलावतील.

माजी_कॅशियर_अमरावती
तारखांकडे लक्ष ठेवा. यात छुपा खर्च असतो. तुमच्या बाकीवर जुन्या कंपनीचं व्याज रोज ४७३ रुपये चढतं. नव्या बँकेनं चेक काढला की तिचंही व्याज त्याच दिवसापासून सुरू, रोज ३९५. चेक कोणाच्या तरी ड्रॉवरमध्ये आठवडाभर पडला तर तुम्ही दोघांना भरता. म्हणून फोरक्लोजर लेटर हप्ता गेल्यावर दोन-तीन दिवसांनी काढा, त्यावर किती तारखेपर्यंतची रक्कम आहे ते वाचा, आणि चेक शक्यतो स्वतः घेऊन त्याच दिवशी कंपनीत द्या. पोच घ्या. पुढच्या महिन्याचा जुना हप्ता खात्यातून कापला जाऊ नये म्हणून मॅन्डेट (हप्ता कापायला दिलेली परवानगी) रद्द झाल्याचं लेखी घ्या.

वर्षाच्या शेवटी दोन्हीकडची व्याजाची प्रमाणपत्रं घ्या. जुन्या करप्रणालीत असाल तर जुनं गृहकर्ज फेडण्यासाठी घेतलेल्या नव्या कर्जाचं व्याजही वजावटीला चालतं, दोन लाखांच्या मर्यादेत. नव्या प्रणालीत राहत्या घराला ही वजावट नाही, तेव्हा तिथे प्रश्नच नाही.

दारव्हा_रोड
काका, हे कोणीच सांगितलं नसतं.

वणीच्या वकील साहेबांना दोन प्रश्न. बँक म्हणते कागद जमा करायला दोघांनी यवतमाळच्या शाखेत या, तालुक्याला चालणार नाही. उगाच फेरा मारायला लावून राहिले का? आणि सातबाऱ्यावर कंपनीचा बोजा आहे, तो कोणी उतरवायचा?

काळाकोट_वणी
उगाच नाही. मूळ कागद ठेवून करायचं गहाण कायद्यानं सरकारनं अधिसूचित केलेल्या शहरातच करता येतं. मालमत्ता कुठे आहे याला महत्त्व नाही, कागद कुठे हातात दिले याला आहे. तालुक्याचं गाव यादीत नसेल तर जिल्ह्याला जावंच लागतं. न जाता पर्याय म्हणजे नोंदणीकृत गहाणखत, त्याला नोंदणी फी वेगळी लागते. बसनं यवतमाळ स्वस्त पडेल. जाताना दोघांचे आधार, पॅन, फोटो आणि खरेदीखतावर वहिनींचं लग्नाआधीचं नाव असेल तर राजपत्र किंवा प्रतिज्ञापत्र न्या. इथे बऱ्याच जणांची फाईल परत येते.

बोजाचं असं. कंपनीचं नो ड्यूज आणि बोजा कमी करण्याबद्दलचं पत्र हातात आलं की ई-हक्क प्रणालीवर अर्ज टाका किंवा तलाठी कार्यालयात द्या. आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण गावात तलाठीच म्हणा. फेरफार धरला जातो, मंडळ अधिकारी मंजूर करतात, मग सातबाऱ्याच्या इतर हक्क या रकान्यातून कंपनीचं नाव जातं. नव्या बँकेचा बोजा सहसा त्यानंतर चढतो. नव्या बँकेची फाईल पूर्ण होईपर्यंत दोन्ही नावं एकदम दिसली तर घाबरू नका, पण महिन्या-दीड महिन्यानं डिजिटल सातबारा काढून जुनं नाव गेलं का ते पाहा. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर बोजाची नोंद केली असेल तर ग्रामसेवकाला वेगळा अर्ज लागतो, तो महसूलच्या नोंदीनं आपोआप जात नाही. आणि सरसाईवर जुन्या कंपनीनं नोंद बंद केल्याचा कागद मागून घ्या. पुढे कधी घर विकायचं झालं तर घेणाऱ्याचा वकील तिथेच आधी पाहतो.